कडक की नरम

अकोल्यातल्या गॅरेजात परवा तापलेल्या ऑइलचा वास आला आणि मला परतवाड्याचा रस्ता आठवला.

माझी पहिली शर्यत जवळ आली होती. "मी नवीन आहो, मले नरम शॉकअ‍ॅब्सॉर्बरच पायजेत," असं सांगूनही दादानं गाडीला कडक बसवले. चाचणीला तो माझ्या शेजारी बसला. वळणावर खड्डा लागला, मागची चाकं उसळली आणि गाडी बाभळीकडे घसरत गेली. मी ती कशीबशी सावरून थांबवली.

दादा उतरून पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, चिडला.

"नरमच लावू," तो शेवटी म्हणाला. "तुले काई झालं असतं तं मायले काय सांगतलं असतं मी?"

तेव्हा मी माझंच खरं झालं म्हणून हसले होते. त्याचा आवाज किती कापत होता, ते आता ऐकू येतं.