चढावरच्या चिंचेखाली

मंडळी, सकाळी जे झालं त्याने मी अजून घाबरलेलोच आहे.

रेडिओवरच्या बातम्या संपल्या की आपण सायकलवाले कारखान्याकडे निघतो. चढाच्या मध्यावर चिंचेखाली सिगारेट ओढायला थांबायचं, हा नेम. मी नुकतीच सिगारेट सोडली, म्हणून आज थांबलो नाही.

"स्वल्प थांब की रे," शेजारचे रामण्णा म्हणाले.

वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हँडल धरून उभा राहिलो. छाती शिट्टीसारखी वाजत होती.

खाली पाहिलं. रामण्णांच्या एका हातात काडेपेटी होती, दुसरा हात छातीवर.

सिगारेट सोडल्यावर दमसास हळूहळू सुधारतो म्हणतात. पण आपण तिथे सिगारेटसाठीच थांबत होतो ना? न थांबता तो चढ तुमच्यापैकी कोण शेवटचं कधी चढलंय?