चूक आमची, असं म्हणणारे गेमवाले

दोस्तहो, डोकं अजून फणफणून राह्यलं.

मी व्हिडिओ गेम खेळत नाई, पण ते कसे बनले त्याच्या इतिहासाची पुस्तकं मले लय आवडतात. त्यात बनवणारेच कबूल करतात की घाई आम्ही केली, म्हणून गेम फसला.

आज घाटंजीजवळ आमच्या गावात कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सभा होती. बाबानं दाखवायले किडकी बोंडं नेलती. अळी लागणार नाई म्हणून बियाणं विकणाऱ्या कंपनीचा साहेब म्हणे, "फवारणी तुमचीच चुकली." मग माह्या हातातलं गेमचं पुस्तक पाहून हसला, "ताई, गेम खेळत बसल्यावर दुसरं काय होणार!"

मी म्हटलं, "हे घ्या, वाचा. चूक कबूल कशी करतात ते समजन."

साहेब पुस्तक, बोंडं टेबलावरच सोडून गाडीत बसला.

एक गेम फसला तं लोक पुस्तकभर लिहितात. आमचं अख्खं वावर किडलं, कोणी एक ओळ तरी लिहीन का?