डावा स्पीकर

हे लिहिताना दोन गोष्टींचा संकोच वाटतो आहे. एक म्हणजे माझं मराठी. माझी शाळा इंग्लिश मिडीयमची, तीसुद्धा सुरतेतली, त्यामुळे घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि वहीत इंग्लिश असं झालेलं. काही चुकलं तर सांभाळून घ्या. दुसरी गोष्ट अशी, की तुमच्या मासिकाच्या या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आले. आई शाळेत विज्ञान शिकवते, बाबा बँकेत. आमच्या घरात साधी दृष्टसुद्धा कोणी काढत नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही... पण जे झालं ते झालं.

गोष्ट दीड-दोन वर्षांपूर्वीची. आम्ही सुरतेत अडाजणला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा, दादा, मी आणि त्या वर्षी मे महिन्यात लग्न होऊन आलेली सुजातावहिनी. दादा हजीऱ्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

मला फारशा मैत्रिणी नाहीत. कधीच नव्हत्या. मला दादा होता. तो कॉलेजात असताना त्याच्याकडे एक वॉकमन होता आणि इअरफोनची एकच जोडी. डावा कान माझा, उजवा त्याचा. असं आम्ही तासन्‌तास गॅलरीत बसायचो, एकाच वायरला बांधल्यासारखे. नोकरी लागली की खरा हाय-फाय सेट घ्यायचा, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, वेगळा डेक, लाकडी स्पीकर, हे आमचं तेव्हापासून ठरलेलं. आमचं म्हणजे त्याचं आणि माझं.

दादाच्या कंपनीत तेव्हा सगळ्यांच्या टेबलावर नवे कॉम्प्युटर आले होते, एकमेकांना जोडलेले. त्यावर एक नोटीस बोर्ड असायचा. बदली झालेले लोक त्यावर सामान विकायला काढायचे... पाळणे, फ्रीज, मुलांच्या सायकली. पावसाळा संपता संपता त्यावर एका साहेबांचा जपानी सेट आला. दादाने वर्णनाचा कागद छापून घरी आणला आणि जेवताना वाचून दाखवला.

"न बघता, न ऐकता घ्यायचा?" बाबा म्हणाले. "तुझी आई भेंडी घेतानासुद्धा टोक मोडून बघते."

"बाबा, असा सेट रिंगरोडच्या दुकानात मिळतच नाही. आणि त्यांना मद्रासला जायचंय, सामान हलवायची घाई आहे. म्हणून तर परवडतोय."

"बिल नाही, गॅरंटी नाही. बिघडला की तो माणूस मद्रासला आणि तू इथे."

"कंपनीतलाच माणूस आहे, पळून कुठे जातोय? आणि जुना सेट म्हणजे चाललेला सेट. नवा काय, बिघडायचा तर नवाही बिघडतो."

तेवढ्यात वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाली, "त्या सेटला तरी कुठे आपलं घर बघायला मिळतंय? मला निदान दोनदा बघून गेले होते."

सगळे हसले. बाबांना तर ठसका लागला. मीही हसले, पण मला आठवतं, मी त्या वेळी दादाकडे बघत होते. तो वहिनीकडे ज्या कौतुकाने बघत होता, ते कौतुक माझ्या ओळखीचं होतं. मी काही बोलले की यायचं ते.

"शनिवारी जाऊन ऐकून येऊ आपण," दादा म्हणाला. 'आपण' म्हणजे मी, असं मी धरून चालले. शनिवारी माझं प्रॅक्टिकल होतं. मी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला सांगणार होते, पण विचारायच्या आतच तो वहिनीला घेऊन गेला आणि सेट घेऊनच परतला. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा जिन्यातच मला संतूर ऐकू आलं. इतकं स्वच्छ की मी दुसऱ्या मजल्यावर थांबून ऐकत राहिले. मग धावत वर गेले.

दार उघडून आत पाऊल टाकलं आणि संतूर बंद झालं.

तबला चालू होता. नुसता तबला. त्या कॅसेटचं रेकॉर्डिंग असं होतं, की संतूर जवळजवळ सगळं डाव्या स्पीकरमधून यायचं आणि तबला उजव्यामधून. डावा स्पीकर गेला होता.

"अरे, आत्तापर्यंत मस्त चालू होता," दादा म्हणाला. त्याने वायरी हलवल्या, बटणं फिरवली. डाव्या स्पीकरशेजारी जमिनीवर वहिनी बसली होती. माझी जागा ती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होती.

"तू कुठे हात लावलास का?" दादाने तिला विचारलं.

"नाही हो. मी तर नुसती बसलेय."

दादाने सेट दुरुस्तीला नेला. दुकानदार जयंतीभाईंनी दोन दिवस ठेवून घेतला, पूर्ण कॅसेट वाजवून दाखवली आणि म्हणाले, "आमां कंई वांधो नथी." काहीही बिघाड नाही. घरी आणला, मी समोर बसले, दादाने बटण दाबलं... फक्त तबला.

तेव्हापासून हेच चालू राहिलं. वायरी बदलल्या. प्लग बदलला. डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून बघितला, तर मग पहिला डावा वाजायचा आणि दुसरा गप्प. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हता, त्या बाजूचा होता. जयंतीभाई दोनदा दुकान उघडायच्या आधी घरी येऊन गेले. मी सकाळी सातला क्लासला जायचे, त्यामुळे त्यांची माझी भेट झाली नाही. दोन्ही वेळा ते "वांधो नथी" म्हणून चहा पिऊन गेले.

एक दिवस जेवताना वहिनी म्हणाली, "दुपारी मी एकटी असते ना, तेव्हा चांगला वाजतो. दोन्हीकडून."

मग मीच म्हणाले, "हो का? फक्त तुझ्यासाठी वाजतो वाटतं."

सहज म्हटल्यासारखं म्हटलं मी. पण आईने मान वर करून वहिनीकडे बघितलं. त्यानंतर आठवड्याभराने मी आईला मावशीशी फोनवर बोलताना ऐकलं. हलक्या आवाजात. "पायगुण वगैरे मी मानत नाही गं, पण ही आल्यापासून..." मग मिक्सर जळाल्याचं, बाबांचं प्रमोशन लांबल्याचं आणि शेवटी सेटचं. वर्गात मुलांना सर्किट शिकवणारी माझी आई... आणि मी बाहेर पॅसेजमध्ये उभी. मला आत जाऊन म्हणता आलं असतं, की आई, हा काय मूर्खपणा आहे. मी पाणी प्यायले आणि अभ्यासाला बसले.

त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हे लिहायचंच नव्हतं, पण मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पुढे दादासुद्धा चिडायला लागला. वहिनीने क्रोशाचं एक झाकण विणून सेटवर घातलं होतं. त्याने ते काढून तिच्या हातात दिलं. "प्लीज, तू याला हात लावू नकोस." ती झाकणाची घडी घालत स्वयंपाकघरात गेली. मी दादाशेजारी बसून राहिले. आम्ही दोघं नुसता तबला ऐकत होतो, आणि मला तो चालत होता. मी त्या दोघांना सेटसमोर एकटं म्हणून सोडायचेच नाही. दादाच्या कंपनीची बस यायच्या वेळेला मी घरात असायचेच. रविवारी मी कुठेही जायचे नाही. सकाळी नाश्त्याला लोचो आणायलासुद्धा बाबांना पाठवायचे.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हाही आलं नाही. मी सायन्सची विद्यार्थिनी.

मग उत्तरायण आलं. सुरतेत संक्रांतीला घरात कोणी सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर, आणि प्रत्येक गच्चीवर स्पीकर. दादाने पहाटेच सेट वर नेऊन ठेवला. डावा वाजो न वाजो, आमचा आवाज समोरच्या बिल्डिंगपेक्षा कमी पडता कामा नये. इतरांची फिल्मी गाणी सुरू व्हायच्या आधी त्याने सवयीने संतूरची कॅसेट लावली. मी खाली आईबरोबर तिळाचे लाडू वळत होते. साडेसातला आईने ताट माझ्या हातात दिलं.

जिना चढताना मला संतूर ऐकू आलं.

वर दादाचा आवाज आला, "सुजाता, ऐकलंस? चालू झाला." इतका आनंद... मी शेवटच्या वळणावर होते. गच्चीचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि संतूर थांबलं. तबला तसाच चालू.

मी तिथेच उभी राहिले. मग, का ते माहीत नाही, तीन पायऱ्या खाली उतरले. संतूर आलं. पुन्हा तीन पायऱ्या वर. गेलं. खाली उतरले... आलं. वर आले... गेलं.

दादा पतंगाला दोऱ्याचा किन्ना बांधत होता, त्याची माझ्याकडे पाठ होती. "गेला परत," तो म्हणाला. वहिनी स्पीकरजवळच उभी होती, तिला त्याने विचारलं, "वायरीवर पाय दिलास का गं?"

वहिनी दाराकडे बघत होती. माझ्याकडे. माझी खाली-वर तिने सगळी बघितली होती.

"हो," ती म्हणाली. "पडला असेल."

मी ताट दारातच ठेवून खाली आले. डोकं दुखतंय असं आईला सांगितलं आणि दिवसभर खोलीत पडून राहिले. वरून दिवसभर दोन्ही बाजूंनी गाणी वाजत होती. संध्याकाळी दादा खूश होऊन खाली आला. "आज कमाल झाली शलू, दिवसभर बंद पडला नाही. तू यायला हवं होतंस." मी त्याच्यासमोर बसले. त्याने सेट जोडला आणि बटण दाबलं.

आठवड्याभरात त्याने सेट त्याच नोटीस बोर्डवर टाकला. 'एक बाजू कधीकधी बंद पडते' असं प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच्याच खात्यातल्या एकाने घेतला, हजीऱ्याच्या कॉलनीतल्या. त्यांच्याकडे तो एकदाही बंद पडला नाही. आई मावशीला म्हणाली, "बघ, घर बदललं आणि सुरू झाला." तिचा अर्थ मला कळला. वहिनीलाही कळला असणार, ती शेजारीच भाजी निवडत होती. मी तेव्हाही बोलले नाही.

फेब्रुवारीत त्या लोकांकडे सत्यनारायण होता. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मी त्यांच्या फाटकाशीच थांबले. आतून संतूर आणि तबला, दोन्ही येत होते. लांबून किती छान वाजत होता तो सेट... मी चप्पल तुटल्याचं निमित्त केलं. सगळे आत गेले.

थोड्या वेळाने वहिनी द्रोणात प्रसाद घेऊन बाहेर आली.

"तुम्ही आत नाही येणार ना, ताई?"

"नको."

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही दारात पाऊल टाकलंत, की डावा बंद. रोज. मी आधी घाबरले. मग सवय झाली. तुम्ही आलात हे मला स्पीकरवरून कळायचं, मी चहा टाकायचे."

"मग सांगितलं का नाहीस? आई काय काय म्हणत होती..."

"मी नवीन. माझं काय, आज ना उद्या विसरतील." ती द्रोणातला शिरा चमच्याने सारखा करत होती. "तुमच्यावर आलं असतं, तर लग्न जमवतानासुद्धा मागे लागलं असतं. आमच्या अमळनेरला पाहिलंय मी एकीचं."

ती परत आत गेली नाही. आरती सुरू झाली तरी माझ्याबरोबर फाटकाशी उभी राहिली. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात कृतज्ञता आली नाही. ती नंतर आली. त्या क्षणी मला तिचा हेवाच वाटला... की हिला हे जमतं, आणि मला कधीही जमलं नसतं.

आता मी बडोद्याला नोकरी करते, हॉस्टेलवर राहते. खोलीत रूममेटचा टू-इन-वन आहे, तो माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी व्यवस्थित वाजतो. कॉलेजातल्या सरांना मी एकदा आडून विचारलं होतं. त्यांनी अर्थिंग, कपड्यातली स्टॅटिक वीज, सैल सोल्डर अशी तीन कारणं दिली. मी सगळी ताडून पाहिली आहेत, एकही बसत नाही. त्या सेटचा पहिला मालक मद्रासला गेला, त्याच्याही घरी असं काही व्हायचं का, हे दादाने कधी विचारलं नाही आणि मी विचारायला सांगितलं नाही.

हे मासिक आमच्या सुरतेच्या घरी येतं. आई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, मग दादा बसमध्ये नेतो. तोंडाने सांगायचं धैर्य मला दोन वर्षांत झालं नाही, म्हणून इथे लिहिलं. का होत होतं ते मला माहीत नाही. कोणामुळे होत होतं ते माहीत आहे. वहिनीचा पाय वायरीवर पडला नव्हता, दादा. दारात मी उभी होते.