न दुखणारा अंगठा

सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटे. मार्च १९३४. रत्नागिरीच्या एका महारोगी इस्पितळात, पूर्वेच्या खिडकीपाशी, धाकू गोरिवले मांडीवर पाट घेऊन बसला आहे. पाटावर एकाच कागदाचे, वरखाली दोन पंखांचे लढाऊ विमान. वरचा पंख, शेपूट, चाके झाली. खालचा पंख अजून घडीच्या आत आहे. धाकूचा उजवा हात तीन आठवड्यांपासून कापडी पिशवीत बांधलेला आहे. तो उजव्या मनगटाने कागद दाबून धरतो आणि डाव्या हाताने घड्या घालतो.

खेड तालुक्यातला हा माणूस १९१७ साली फौजेच्या हमालांत भरती होऊन बसऱ्याला गेला. दोन वर्षे त्याने विमानांच्या मैदानावर पेट्रोलचे डबे वाहिले. परत आल्यावर पाचव्या वर्षी पाठीवर चट्टे उठले. भावाने गोठ्यात वेगळी चूल मांडून दिली. पुढच्या शिमग्याआधी गावाने तीही मोडायला लावली. तेव्हापासून तो इथे आहे.

बधिर हातांच्या रोग्यांना इस्पितळात कात्री देत नाहीत. म्हणून धाकूची विमाने नुसत्या घड्यांची. सुरुवात मुले करतात त्या होडीपासून. पुढच्या साठ-सत्तर घड्या त्याच्या स्वतःच्या. कागदाचे पदर वाढले की घडी बसत नाही. मग तो घडीवरून अंगठा जोराने ओढतो.

उजव्या अंगठ्याची जखम हाडापर्यंत गेली, तेव्हा रोग अंगठा खातो आहे असेच सगळे म्हणाले. कंपाउंडर आप्पांनी मलमपट्ट्यांची सहा वर्षांची वही चाळली. इतरांच्या जखमा पावसाळ्यात चिघळतात. धाकूची आषाढात भरत होती आणि दसऱ्यानंतर उघडत होती. आषाढात इथला कागद दमट होतो, घडी धरत नाही; तेव्हा विमाने बंद.

"रोग नाही, तूच खातोयस अंगठा," आप्पा म्हणाले.

"पन मना दुखत न्हाय, आप्पा."

"तेच सांगतोय. दुखलं असतं तर थांबला असतास."

महिन्यात जखम भरली नाही तर अंगठा कापायचा, असे डॉक्टरांनी ठरवले. म्हणून ती पिशवी.

शेजारच्या खाटेवरून धोंडू ओरडतो, "काय रं, हात बांधला तरी तुजी पलटन चालूच?"

"उजवा बांधला. डाव्याचं आप्पा काय बोललं न्हाय."

"वकील व्हायचास, हमाल कनाला झालास!"

सात वाजता आप्पा आले. त्यांनी पिशवी काढली, पट्टी सोडली. जखम कोरडी होती, कडेने नवी कातडी आली होती.

"राहिला अंगठा. डॉक्टरांना सांगतो."

धाकू हसला. आप्पांनी त्याचा डावा हात सहज उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या पेरावर पावलीएवढा फोड होता, फुटलेला. त्यात कागदाचा तंतू चिकटला होता.

"हे कधी झालं?"

धाकूने हात खिडकीच्या उजेडात धरला. "मी पन आताच बगतोय."

आप्पांनी फोड धुतला, पट्टी बांधली, उजव्या हाताची पिशवी पुन्हा बांधली आणि डाव्यावर दुसरी चढवली. विमान त्यांनी पाटासकट कपाटावर ठेवले. खालचा पंख आतच होता.

उद्या सकाळी सातला पट्टी बदलताना धाकूचे दोन्ही हात सोडतील आणि पुन्हा बांधतील. साडेअकराला जेवण येते. भरवणाऱ्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे धोंडूचे नाव लिहिले आहे.