सरकलेला तांबडा

मुखपृष्ठे काढणाऱ्या या चित्रकाराला छापखान्यात 'जाडरेघे' म्हणत, जणू आडनावच. हे नाव कोणी ठेवले याबद्दल दोन मते आहेत: मशीनमन म्हणतो मी, बाईंडर म्हणतो त्याने कसले, मीच. कारणाबद्दल मात्र दुमत नाही. यंत्र जुने होते. तांबडा रंग आधी छापला जाई, काळा मागाहून, आणि दोघांचे कधी जमले नाही. बाईच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. खलनायकाच्या सुरीवरचे रक्त भलत्याच माणसाच्या सदऱ्याला लागे. म्हणून जाडरेघ्यांनी आकृतींभोवती जाडजूड काळी रेघ ओढायला सुरुवात केली. रंग सरकला की रेघेखाली लपे. तरी केसभर तांबडे बाहेर डोकावायचेच.

छत्तीस वर्षांत त्यांनी सव्वातीनशेच्या आसपास मुखपृष्ठे केली. 'आसपास' अशासाठी, की त्यांच्या वहीत तीनशे एकतीस नोंदी आहेत, पण त्यांतली चार पुस्तके छापली गेल्याचा पुरावा नाही. नवे पुस्तक हाती आले की ते आधी तो तांबडा शोधत आणि सापडला की पुस्तक पालथे घालून ठेवत.

आता यंत्रे चुकत नाहीत, आणि लोकांना चूक हवी आहे. जाडरेघ्यांची जुनी मुखपृष्ठे कापडी पिशव्यांवर, चहाच्या मगांवर आली. मग एका मोठ्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. भिंतीवरच्या पाटीत लिहिले होते, की या कलावंताने रंगाला रेषेच्या बंधनातून जाणीवपूर्वक मुक्त केले.

"अहो, हे तुम्ही जाणीवपूर्वक केलंत?" बायकोने विचारले.

"मशीनमननं केलं."

"मग त्याला का नाही बोलावलं?"

जाडरेघ्यांनी हे संयोजकांना सांगूनही पाहिले. ते हसले. कलावंत नम्र असतात, असे त्यांचे मत पडले.

या कौतुकातून एक गोष्ट मात्र खरीच चांगली निघाली. एका प्रकाशन संस्थेने त्यांना नव्या कादंबरीचे मुखपृष्ठ दिले. पूर्वी त्यांना चिठ्ठीवर चार ओळी मिळत: 'विधवा, दिवाणखाना, पिस्तूल. परवापर्यंत.' यावेळी अख्खे हस्तलिखित मिळाले आणि त्यांनी ते दोनदा वाचले. एका लिफ्टमनची गोष्ट होती. जाडरेघ्यांनी लिफ्टचे जाळीदार दार काढले, अर्धवट ओढलेले. आत एक स्टूल, माणूस नाही. रंगही नाही. सगळे बारीक निबाने, इतक्या पातळ रेघांनी, की श्वास सोडताना ते हात उचलून घेत. हात सकाळी अकरापर्यंतच स्थिर राही. पुढे तेवढाही राहील की नाही, याबद्दल डॉक्टर मोघम बोलले होते, आणि मोघम बोलण्याचा अर्थ कळण्याइतके वय जाडरेघ्यांचे होते. अशी रेघ त्यांना आयुष्यभर ओढायची होती. आता ती ओढून झाली होती. ती छापली जावी एवढेच उरले होते.

संस्थेची डिझायनर त्यांच्या नातीच्या वयाची होती. काचेची खोली, न उघडणाऱ्या खिडक्या. तिने चित्र टेबलावर ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"सुरेख आहे हो काका. खरंच. पण…"

"पण काय?"

"हे तुमचं वाटत नाही."

"मीच काढलंय. अठरा दिवस. घरात पंख्याला बंदी होती, आमच्या हिला विचारा."

"तसं नाही हो. लोक दुकानात लांबून ओळखतात ना तुम्हाला. जाड रेघ, सरकलेला तांबडा."

"अगं पोरी, तो चुकून सरकायचा."

"माहितेय! तीच तर गंमत आहे."

"त्या गमतीपायी मी मशीनमनशी दोन वर्षं बोलत नव्हतो."

ती मनापासून हसली. हेच अवघड होते. तिचा राग यावा असे तिच्यात काही नव्हते. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. लिफ्टचे दार तिथे होते, पण प्रत्येक सळई बोटाएवढी फुगलेली, आणि मागून तांबडा वर उजवीकडे निसटलेला.

"चित्र स्कॅन करून नमुना म्हणून केलंय. कसं वाटतं?"

वाईट, असे जाडरेघ्यांना म्हणायचे होते. "आमचं मशीन खाली डावीकडे सरकवायचं," ते म्हणाले.

"हो का? थांबा!" तिची बोटे चालली. तांबडा खाली डावीकडे आला. आता ते चित्र हुबेहूब त्यांचे दिसू लागले.

"यावर माझं नाव घालू नका," ते म्हणाले. "मी सही करणार नाही."

"सहीची काळजी नको, काका. आहे आमच्याकडे." तिने दुसरी फाइल उघडली. जुन्या मुखपृष्ठांवरून उचललेल्या त्यांच्या बासष्ट सह्या, ओळीने मांडलेल्या. "प्रदर्शनाच्या वेळी तुम्ही कागद भरून दिला होता ना? जुनी-नवी चित्रं, बदल, सही, सगळ्याचीच परवानगी आहे त्यात, प्रायोजक म्हणून आम्हालाही."

बारीक टायपातला तीन पानी कागद. तेव्हा चष्मा घरी राहिला होता. संयोजक म्हणाले होते, नुसती औपचारिकता आहे.

"परत घेता येतो?"

"विचारून सांगते. पण पुस्तक सोमवारी छापायला जातंय."

जाडरेघ्यांनी आपले चित्र पिशवीत घातले आणि दाराशी गेले. दाराला कडी नव्हती, मूठही नव्हती.

"कार्ड लागतं, काका. एक मिनिट, आलेच." ती पडद्यावरच होती. "मी ही वरची सही घेऊ?"

न बघता उभे राहता आले असते. त्यांनी बघितले.

"ती नको. तिची शेपटी छपाईचा ब्लॉक करताना कापली गेलीय." त्यांची नजर ओळीओळीने खाली उतरली. "शेवटच्या ओळीतली तिसरी घे."

"बघा, तुमचाच डोळा लागतो!" तिने सही उचलून स्टुलाखाली ठेवली. "एवढी, की थोडी लहान?"

जाडरेघे पिशवी छातीशी धरून दाराकडे तोंड करून उभे होते.

"लहान," ते म्हणाले.