भोंगा बंद होता, असं सांगणारा

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. रिअ‍ॅक्टर फुटला तेव्हा तो शेजारीच उभा होता; जागीच गेला. कंपनीने सांगितलं, धोक्याचा भोंगा वाजला, त्यानेच लक्ष दिलं नाही.

भोंगा कित्येक दिवस बंद होता, असं एका कामगाराने कारखाना निरीक्षकांना सांगितलेलं, नाव उघड करायचं नाही या बोलीवर. मालक-मॅनेजरवरचा खटला त्या एका जबाबावर उभा होता.

ठाण्याच्या कोर्टात कंपनीच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. "हा माणूस कोण? आम्ही प्रश्न कोणाला विचारायचे?"

मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, "साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याशिवाय हा जबाब मला पुरावा म्हणून वाचता येणार नाही."

मला संताप आला. पण माझ्यावर कोणी बिननावाचा आरोप केला असता, तर मीही हेच म्हटलं असतं.

तो कोण, हे मला ठाऊक होतं. भावाच्याच शिफ्टमधला. मी विठ्ठलवाडीला त्याच्या घरी गेले.

"ताई, निरीक्षक साहेब म्हणालेले नाव येणार नाही."

"आता तू आल्याशिवाय काही होणार नाही रे."

त्याची बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. वळलीच नाही. तो कंत्राटी कामगार. आणि आसपासच्या सगळ्या कंपन्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार एकच. तरी तो म्हणाला, "येतो."

आला. पिंजऱ्यात उभा राहून खाली बघत बोलला, "सही माझी आहे. मजकूर वाचून दाखवलेला नाही. भोंग्याचं मला माहीत नाही."

सरकारी वकिलांनी खोदून खोदून विचारलं. "आठवत नाही," एवढंच.

कोर्टाच्या जिन्यात त्याला गाठायचं, वाट्टेल ते बोलायचं, असं मी ठरवलेलं. तो कठड्याला धरून उतरत होता, म्हाताऱ्या माणसासारखा. मी बाजूला झाले, त्याला वाट दिली.

सगळे सुटले.

घरी आईने विचारलं, "म्हणजे भोंगा चालू होता?"

"तसं नाही गं. बंद होता हे सिद्ध झालं नाही."

 ती हळूच म्हणाली, "वाजला असेल. लहानपणीही हाका मारल्या तरी त्याचं लक्ष नसायचं."

मी नाही नाही म्हणत राहिले. तिला ते पटलं नाही.