तुळजाबाईचा गोऱ्हा

माह्या शेजारची तुळजाबाई वांगी विकते अन् बोलते कमी. मी गयाबाई, दोघींचं मीच बोलून घेते.

ती भीमपुरात सून होऊन आली तवा बापानं आंदण दिलेली तांबडी गाय तिच्या संगं पैनगंगा उतरून आली. पुढं मायबाप गेले, भावांनी दिवाळीचं बोलावणंही सोडलं. माहेर म्हणून उरली ती गाय. तीही म्हातारी होऊन मेली, मागं एक गोऱ्हा ठेवून.

नवरा डोमाजी म्हणे, खच्ची करून औताले जुंपू. तुळजाबाई अडून बसली. "याची एक कालवड माह्या दारात होऊ द्या. मग काय करायचं ते करा." डोमाजीनं पोळ्यापर्यंतची मुदत देली.

मग काय विचारता. आमचा मुलूख कापसाचा. ताकद म्हणजे सरकी, येवढंच आमाले ठाऊक. तिनं गोऱ्ह्याले टोपल्यानं सरकी चारली. तो असा भरला की बाजारचे लोक थांबून पाहात. पण तिच्या सासरची काबरी गाय काही गाभण राहीना. गावातल्या गायींचंही तेच. लोक हसत, "नुसता दिसायचा पैलवान." ती ऐकून घेई अन् आणखी सरकी भिजवी.

शेवटी आदिलाबादहून जनावरांचा तेलुगू डॉक्टर आला. काय चारता ते ऐकून त्यानं कपाळाले हात लावला. म्हणे, जवान गोऱ्ह्याले इतकी सरकी चारली तर बीज बिघडते. बंद करा, काही महिन्यांत सुधरेल. अती तिथं माती, दुसरं काय. मायेनंच घात केला.

सरकी बंद झाली. पुढ्यात कडबा असून गोऱ्हा सरकीसाठी हंबरे, अन् ही माह्या घरी येऊन कान झाकून बसे. "काऊन जीव जाळून राह्यली बाई," मी वसकन म्हणे. मले तिचं मुकाट सोसणं पाहवत नसे.

पोळा आला, काबरी रिकामीच. डोमाजीचा एक बैल लंगडा झालेला, तो तरी कुठवर थांबेल. शब्द देला होता म्हणून तिनंच गोऱ्ह्याचं दावं सोडून डोमाजीच्या हाती देलं.

उन्हाळ्यात गावातल्या चंपतची गाय व्याली. पोळ्याच्या जरा आधी ती याच गोऱ्ह्यापासून गाभण राह्यली होती. कालवड झाली, तांबडीभडक. तुळजाबाई पाहाले गेली ती पाठीवरून हात फिरवतच राह्यली. चंपतले दया आली. "काकी, दूध सुटलं की घेऊन जा. तुमचीच हाय."

मले वाटलं, आता तरी घेईल. जलमभर हेच तर मागत होती.

तिनं कालवडीले गायीच्या सडाले लावलं. म्हणाली, "नको बापू. राहू दे तिले तिच्या मायजवळ. मी येत जाईन."